रतनकुंवरचा तिसरा मुलगा

१९९९ च्या मार्च महिन्यात नाटोच्या विमानांनी युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली, तेव्हा मोमिनपुऱ्यात चहाच्या टपरीवर बसणाऱ्या आम्हा पोरांची मोठी पंचाईत झाली. अमेरिका म्हणजे इराकवर बॉम्ब टाकणारी, एवढा आमचा सरळ हिशेब होता. तीनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९९८ मध्ये, तिने बगदादवर क्षेपणास्त्रे सोडली होती. आता तीच अमेरिका ख्रिस्ती सर्बांवर बॉम्ब टाकत होती आणि कारण सांगत होती कोसोवोतल्या मुसलमान अल्बेनियनांच्या जिवाचे. आमच्यातले निम्मे म्हणाले, चला, एकदा तरी कोणी मुसलमानांच्या बाजूने उभे राहिले. बाकीचे म्हणाले, यात काहीतरी डाव आहे. वाद रोज व्हायचा आणि रोज तिथेच थांबायचा.

आमच्या टपरीवर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी यायचे. ते वादात पडत नसत. एक दिवस कप खाली ठेवत म्हणाले, "मदतीला आले कशासाठी, ते बघू नका. परत कधी जातात, ते बघा." आणि पुढे म्हणाले, "हे समजायला कोसोवोपर्यंत कशाला जाता? सायकल काढा आणि महालात जा."

महाल म्हणजे जुने नागपूर. तिथे गोंड राजांच्या किल्ल्याचे उरलेसुरले अवशेष आहेत, भोसल्यांचे वाडे आहेत आणि ज्याला आज आपण गांधी गेट म्हणतो तो जुना जुम्मा दरवाजा आहे. गुरुजींना काय म्हणायचे होते ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी गॅझेटियर आणि इतर पुस्तके चाळताना उमगले. या एका वस्तीत, दीडशे वर्षांच्या आत, घरातल्या भांडणात बाहेरच्याला बोलावण्याचा प्रकार तीनदा घडला. तिन्ही वेळा बाहेरचा आला आणि तिन्ही वेळा त्याची किंमत बोलावणाऱ्यानेच मोजली.

सुरुवात शहराच्या संस्थापकापासूनच होते. बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा. देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. गादीच्या वारसावरून घरात तंटा लागला तेव्हा हा औरंगजेबाच्या दरबारात मदत मागायला गेला. तिथे त्याने इस्लाम स्वीकारला, बादशहाकडून 'बख्त बुलंद' हे नाव घेतले आणि बादशाही पाठिंब्यावर देवगडच्या गादीवर बसला. परत आल्यावर त्याने खूप कामे केली. बारा लहान वस्त्या जोडून १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. शेती वाढावी म्हणून कष्टकरी लोकांना बाहेरून आणून बसवले. हिंदू असो की मुसलमान, कर्तबगार माणूस दिसला की त्याला चाकरीत घेतले. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येसुद्धा त्याच्याविषयी कौतुकाचाच सूर आहे.

नागपूरचा संस्थापक गोंड होता की मुसलमान, असा वाद अधूनमधून उकरला जातो. तो दोन्ही होता. राजघराण्याने इस्लाम घेतला तरी बेटीव्यवहार राजगोंडांशीच चालू राहिल्याचे सांगतात, आणि प्रजा आपापल्या देवांना भजत राहिली. पण असा प्रश्न विचारणाऱ्याला दोनपैकी एकच उत्तर हवे असते, त्यामुळे मी आता त्या वादात बसत नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. बादशहा दख्खनच्या लढायांत गुंतलेला पाहून बख्त बुलंदने आपला मुलूख वाढवायला घेतला आणि मोगलांविरुद्ध बंड केले. कलमा पढवून, नाव देऊन ज्याला गादीवर बसवले तोच उलटला. औरंगजेब इतका संतापला की त्याने ते दिलेले नावच फिरवले. बख्त बुलंद म्हणजे ज्याचे नशीब उंच आहे तो. बादशहाने हुकूम काढला की यापुढे त्याला 'निगूनबख्त' लिहावे, म्हणजे फुटक्या नशिबाचा. दोघे एकाच धर्माचे होते, पण बादशहाच्या दप्तरात त्या नात्याला हिशेब नव्हता. मांडलिक ऐकतो तोवर बुलंद, ऐकेनासा झाला की निगून.

बख्त बुलंद सुटला कारण औरंगजेब म्हातारा झाला होता आणि १७०७ मध्ये गेला. बाहेरचा मदतनीस स्वतःच खिळखिळा झाला म्हणून देवगडचे राज्य टिकले. हे भाग्य पुढच्या पिढीच्या वाट्याला आले नाही.

त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपूरला आणली. शहराला तटबंदी आणि वेशी बांधल्या. जुम्मा तलाव त्याच्याच काळातला. त्याला पुढे शुक्रवारी तलाव म्हणू लागले, आता तो गांधीसागर आहे. (आमच्या शहरात जुम्मा नाव असलेल्या दोन जागा होत्या, दोन्ही गांधींच्या नावाने झाल्या. गांधींना हे कळले असते तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे.) १७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि बख्त बुलंदच्याच एका अनौरस मुलाने, वली शाहने, गादी बळकावली. चांद सुलतानची विधवा राणी रतनकुंवर हिच्या पदरात दोन मुलगे होते, बुऱ्हान शाह आणि अकबर शाह. त्यांच्या जिवाला धोका होता. तिने शेजारच्या वऱ्हाडात ठाण मांडून असलेल्या रघुजी भोसल्यांना निरोप पाठवला.

रघुजी हे साताऱ्याच्या छत्रपतींचे सेनासाहेबसुभा. त्या काळातले अत्यंत धडाडीचे सेनापती. ते आले, वली शाहचा निकाल लावला, रतनकुंवरच्या मुलांना गादीवर बसवले आणि भरघोस मोबदला घेऊन वऱ्हाडात परत गेले. सांगितले जाते की राणीने त्यांना आपला तिसरा मुलगा मानले आणि तिसऱ्या मुलाचा वाटा म्हणून राज्याचा तिसरा हिस्सा दिला. ही कथा खरी असो की नंतर रचलेली, ती मला फार बोलकी वाटते. आईने कृतज्ञतेने जोडलेले नाते पुढे हक्क होऊन बसते. मुलगा म्हटल्यावर तो घरात येणार, आणि घरात आला की वाटणीला बसणार.

संधी फार लांब नव्हती. वली शाह गेल्यावर दोघा सख्ख्या भावांतच जुंपली. १७४३ मध्ये उघड युद्ध पेटले. बुऱ्हान शाहने पुन्हा रघुजींना बोलावले. या वेळी रघुजी आले ते परत जायला नव्हे. अकबर शाहला हाकलून लावले. बुऱ्हान शाह राजा राहिला, पण नावाचा. किल्ला, पदवी आणि तनखा त्याच्याकडे, राज्यकारभार भोसल्यांकडे. भोसल्यांना गादीवर बसताना गोंड राजाच्या हातचा टिळा लागत असे, अशीही परंपरा सांगतात. हा मान भोसल्यांनी निव्वळ प्रेमापोटी राखला असे नाही. उद्या पुण्याहून पेशव्यांनी हिशेब मागितला तर सांगता यावे की बाबा, राज्य गोंड राजाचे आहे, आम्ही फक्त सांभाळतो. संरक्षण करणाऱ्याला संरक्षित माणूस जिवंत हवा असतो, मोकळा नको असतो.

आता अकबर शाहकडे पाहा. तो गेला हैदराबादला, निजामाकडे. मुसलमान राजा मुसलमान निजामाच्या आश्रयाला गेला. त्याचे तख्त परत आले नाही. तो हैदराबादेतच मेला, आणि विषप्रयोगाने मेला असे गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. उलट हिंदू मराठ्यांना बोलावणारा बुऱ्हान शाह आणि त्याचे वंशज महालात तनखा खात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. म्हणून मराठे दयाळू होते असे म्हणायचे, तर चांद्याकडे पाहावे लागेल. चांद्याचे गोंड राजे मुसलमान झालेले नव्हते. तिथला नीलकंठ शाह रघुजींशी भिडला आणि १७५१ पर्यंत त्याचे राज्य गेले, तो कैदेत पडला. ज्याने बोलावले त्याला पेन्शन आणि ज्याने विरोध केला त्याला तुरुंग. कोणता राजा कोणत्या देवाला भजतो, याचा या वाटपाशी काडीचाही संबंध नव्हता.

हे मी मुद्दाम लांबवून लिहितो आहे. आपल्याकडे काही मंडळी या प्रकरणाला 'मराठ्यांनी मुसलमान राज्य बुडवले' असे लिहितात आणि काही 'हिंदूंनी परके राज्य हटवले' असे. दोघांनीही अकबर शाहचे हैदराबाद आणि नीलकंठ शाहचे चांदा वगळलेले असते. ते घातले की दोन्ही गोष्टी उभ्या राहत नाहीत.

तिसरा प्रकार खुद्द भोसल्यांच्या घरात घडला. १८०३ मध्ये असई आणि अडगावच्या लढाया हरल्यावर, गाविलगड गेल्यावर, दुसऱ्या रघुजींना देवगावचा तह करावा लागला. कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला आणि नागपुरात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला. तरीही रघुजींनी तैनाती फौज मात्र मरेपर्यंत घेतली नाही. बाहेरची फौज घरात ठेवली की काय होते ते त्यांना पक्के ठाऊक असणार. त्यांच्या आजोबांनी तेच केले होते.

मार्च १८१६ मध्ये ते वारले. मुलगा परसोजी आजारी आणि अपंग. कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. चुलतभाऊ आप्पासाहेब यांनी विरोधी तटावर मात करण्यासाठी मे महिन्यात रेसिडेंट जेन्किन्सशी गुपचूप करार केला. तुम्ही मला कारभारी माना, मी तुमची फौज घेतो. त्या फौजेच्या खर्चासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये ठरले. रघुजींनी तेरा वर्षे जे टाळले ते पुतण्याने त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत देऊन टाकले. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला परसोजी अंथरुणात मृत सापडले आणि आप्पासाहेब राजा झाले. खुनाचा आरोप त्यांच्यावर पुढे ठेवला गेला, तो त्यांना हटवायची वेळ आली तेव्हा.

राजा झाल्यावर आप्पासाहेबांना कळले की आपण काय करून बसलो आहोत. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. भोसल्यांकडे सुमारे अठरा हजार माणसे, इंग्रजांकडे तेराशेच्या आसपास. भोसल्यांच्या फौजेत तीनएक हजार अरब होते आणि धाकटी टेकडी काबीज करणारे तेच. समोरच्या मद्रासी पलटणींत आणि बंगालच्या घोडदळातही मुसलमान शिपाई होतेच. अल्लाहचे नाव त्या दिवशी दोन्ही टेकड्यांवर घेतले गेले असणार. इंग्रज जिंकले.

या अरबांबद्दल आपल्या इतिहासलेखनात फारसे कोणी थांबत नाही, मी थोडा थांबतो. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन स्वाधीन झाले. त्याच दिवशी सक्करदऱ्याजवळ त्यांची फौजही मोडली. राजा गेला, लढाई संपली. पण अरब शहरात शिरले आणि वाड्याचा भाग धरून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला, तो अरबांनी परतवला. शेवटी ३० डिसेंबरला बोलणी होऊन ते शस्त्रे आणि बायकामुले घेऊन शहराबाहेर पडले. त्यांना वीर म्हणावे की भाडोत्री, हा प्रश्न मला सुटलेला नाही. ते पगारासाठी आलेले परदेशी लोक होते आणि राजाने पाठ फिरवल्यावरही चौदा दिवस एका मराठा राजाचा वाडा लढवत राहिले. आज गांधी गेटखालून रोज हजारो लोक जातात. त्यांना सांगितले की इथे भोसल्यांसाठी अरब लढले, तर निम्म्यांना हिंदूंच्या बाजूने नवल वाटेल आणि निम्म्यांना मुसलमानांच्या.

आप्पासाहेबांना नावापुरते राज्य परत मिळाले, मग मार्च १८१८ मध्ये पकडण्यात आले. अलाहाबादच्या वाटेवर ते निसटले. आणि निसटून गेले कुठे? महादेवाच्या डोंगरात, गोंडांकडे. ज्या रघुजींनी गोंडांचे राज्य गिळले त्यांच्या पणतवाला गोंड जमीनदारांनी महिनोन्‌महिने लपवून ठेवले, त्याच्यासाठी इंग्रजांशी लढले. शेवटी ते जोधपूरला १८४० मध्ये वारले. नागपूरला इंग्रजांनी एका लहान मुलाला गादीवर बसवले, तिसरे रघुजी म्हणून. जेन्किन्सनेच बरीच वर्षे त्याच्या नावाने राज्य केले. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. त्यानंतर महालात दोन राजघराणी राहत होती, गोंड राजांचे आणि भोसल्यांचे, दोन्ही सरकारी पेन्शनवर.

आता कोसोवोकडे परत येतो. तिथला तंटा वाचताना मला पहिल्यांदा जाणवले ते हे की तो मुळात धर्माचा नव्हताच. सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि अल्बेनियन बहुतांशी मुसलमान हे खरे, पण अल्बेनियनांत कॅथलिकही आहेत. आपल्या मदर तेरेसा त्यांच्यातल्याच. भांडण भाषेचे, जमिनीचे आणि कोण आधी होते याचे होते, आणि ते दर पिढीत बाहेरच्यांनी सोडवले. १९१३ मध्ये युरोपातल्या बड्या सत्तांनी लंडनमध्ये बसून नकाशा आखला आणि कोसोवो सर्बियाकडे ठेवला. १९४१ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने त्यातला मोठा भाग आपल्या ताब्यातल्या अल्बेनियाला जोडला. ज्याचा पाठीराखा जिंकला त्याने घरे राखली, दुसऱ्याने सोडली. १९८९ मध्ये मिलोसेविचने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली. इब्राहिम रुगोवाने जवळजवळ दहा वर्षे अहिंसक मार्गाने लढा दिला, तेव्हा जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. बंदुका निघाल्यावर मात्र सगळे धावून आले.

नाटोची बॉम्बफेक अठ्ठ्याहत्तर दिवस चालली, सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय. त्या काळात आठ लाखांहून जास्त अल्बेनियन देशोधडीला लागले. बॉम्बफेक थांबल्यावर ते परतले आणि मग सुमारे दोन लाख सर्ब आणि रोमा घरे सोडून गेले. २००८ मध्ये कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केले. भारताने आजवर मान्यता दिलेली नाही. इराण, इंडोनेशिया आणि अल्जेरियानेही दिलेली नाही. हे तिन्ही मुसलमानबहुल देश. त्यांना आपापल्या घरातले तुटू पाहणारे तुकडे दिसत होते, कोसोवोतले नमाजी नव्हे. रशिया सर्बियाच्या पाठीशी आहे, म्हणून संयुक्त राष्ट्रांचे दार बंद. मित्रोवित्सा शहरात इबार नदीच्या उत्तरेला सर्ब आणि दक्षिणेला अल्बेनियन राहतात आणि पुलावर विदेशी सैनिक पहारा देतात. गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाव शतकानंतरही तेच आहे: अजून गेलेले नाहीत.

तरी मी गुरुजींशी पूर्ण सहमत नाही. प्रिश्टिनातल्या एखाद्या बाईने १९९९ मध्ये, दारात बंदुकधारी उभे असताना, काय म्हणायला हवे होते? नको, तुमची मदत महागात पडेल? आणि रतनकुंवरने काय करायचे होते? वली शाहच्या राज्यात तिचे मुलगे किती दिवस जगले असते? तिने हाक मारली त्यात मला चूक सापडत नाही. चूक मला सापडते ती चार वर्षांनंतरची. दोन भावांमध्ये तडजोड शक्य होती, जिवाला धोका नव्हता, भांडण फक्त जास्त कोणाला मिळणार याचे होते, तेव्हा बुऱ्हान शाहने तोच दरवाजा पुन्हा ठोठावला. आप्पासाहेबांचेही तसेच. त्यांना कोणी मारायला उठले नव्हते, त्यांना भाऊबंदांना हरवायचे होते. पहिली हाक जिवासाठी होती, दुसरी वाट्यासाठी. बाहेरचा दोन्हींना सारख्याच तत्परतेने येतो.

१७ मार्च २०२५ ला महालात दगडफेक आणि जाळपोळ झाली. खुलदाबादेतली औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीवरून सुरू झालेले आंदोलन, मग अफवा, मग संचारबंदी. एकाचा जीव गेला. ज्याच्या कबरीवरून हे घडले त्याने या शहराच्या संस्थापकाचे नाव काढून त्याला फुटक्या नशिबाचा ठरवले होते, ही गोष्ट त्या दिवशी दोन्ही जमावांतल्या कोणाला आठवली असेल असे वाटत नाही.

संचारबंदीच्या तिसऱ्या दिवशी दुबईहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो चांगला शिकलेला, मनाने मवाळ माणूस. म्हणाला, "भाई, तुम्ही गप्प का बसता? इथल्या बड्या लोकांनी, इस्लामी देशांच्या संघटनेने तुमच्यासाठी काहीतरी बोलायला पाहिजे. मी पत्र लिहू का?" मी म्हणालो, तू काळजी करतोस हे बरे वाटते, पण थांब. रात्रीचे संचारबंदीचे तास होते, दोघांनाही वेळच वेळ होता, म्हणून मी त्याला अकबर शाहची गोष्ट सांगितली. हैदराबाद, निजाम, विष, सगळे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि दुसऱ्या भावाचे काय झाले?"

"त्याला पेन्शन मिळाली," मी म्हणालो.